शेठचा फोटो

तिसरी लेन्सही परत चालली, तेव्हा कवळीवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. घरात एक सरडा, त्याचा एक बरा फोटो, एवढंच काम होतं. लोक या वेळात लग्नं जुळवतात, घरं बांधतात, आणि इथं महिना होत आला तरी एका सरड्याचा फोटो निघत नव्हता.

बाईंना कवळीवाल्या म्हणत, कारण त्या डेंटल लॅबमध्ये कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवायच्या. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण माघारी सगळेच म्हणायचे, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्यांचे यजमान काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. आता निवृत्त होते, म्हणजे दिवसभर घरात होते. आणि सरडा होता लेकीचा. हातभर लांब, मातकट, हनुवटीखाली काट्यांची दाढी. लेकीनं तो हौसेनं आणला, मैत्रिणींत मिरवला आणि लग्न होऊन गेली तेव्हा ‘घर लागलं की नेते’ म्हणत आईबापांच्या गळ्यात बांधला. घर लागलं, लागून जुनंही झालं, सरडा इथंच. दिवसभर दिव्याखालच्या दगडावर पोट टेकून, डोळे अर्धे मिटून, गल्ल्यावर बसल्यासारखा बसून राहायचा, म्हणून त्याचं नाव शेठ पडलं.

शेठनं कुठंही बसावं, बाईंना त्याचं काही नव्हतं. पण तो बसला होता नेमका मागच्या खोलीच्या खिडकीत. आणि ती खिडकी बाईंना हवी होती. दाताचा रंग जुळवायचा तर ऊन चालत नाही, दिवा चालत नाही, सारखा आणि थंड उजेड लागतो, आणि साऱ्या घरात तसा उजेड फक्त तिथं होता. लॅबचे जिने चढून बाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. अर्धं काम घरी नेलंत तरी चालेल, असं मालकांनी आपणहून सांगितलं होतं. टेबल सांगून झालं होतं, सुताराचे दोन निरोप येऊन गेले होते. फक्त जागेवर काचेची भलीमोठी पेटी होती आणि पेटीत शेठ.

मग लेकीनंच तोड काढली. तिच्या ओळखीत शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक मास्तरीणबाई होत्या, त्यांना असाच सरडा हवा होता. मोठी पेटी, मोठा दिवा, सगळी तयारी. मात्र त्यांच्यासमोर दुसरा एक सरडाही होता, तेव्हा महिनाअखेरच्या रविवारपर्यंत शेठचे नीट फोटो पाठवा, म्हणाल्या: अख्खा एक, तोंडाचा एक आणि पायांची बोटं दिसतील असा एक. कात अडकून सरड्यांची बोटं झडतात, म्हणून बोटं बघायची होती. गणित सरळ होतं. फोटो चांगला गेला की शेठ जाणार आणि खिडकी बाईंची. फोटो नाही, तर शेठ जिथल्या तिथं.

पहिले फोटो तपासनिसांनी फोनवर काढले. दिव्यानं सगळं केशरी झालेलं, पेटीच्या काचेत त्यांचंच बनियन, आणि बनियनच्या मागे कुठंतरी शेठ. मास्तरीणबाईंनी कळवलं की बनियन छान आलं आहे, सरड्याचे असतील तर पाठवा. त्यावर तपासनीस गंभीर होऊन म्हणाले की याला खरा कॅमेरा लागेल. बाई म्हणाल्या, आणा भाड्यानं. आणि इथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

कॅमेऱ्याचं दुकान दोन चौक सोडून होतं. चालवणारी बाई तरुण होती, हसतमुख होती, निदान सुरुवातीला तरी होती. तिनं पहिला कॅमेरा दिला तो तपासनिसांनी दुपारीच परत नेला, कारण त्याचा खटका मोठ्यानं वाजतो आणि शेठ दचकतो. दुसरा बिनआवाजाचा होता, तो हातात बसत नव्हता. तिसरा हातात बसला. बाईंना वाटलं, सुटलो. पण कॅमेरा म्हणजे नुसतं धड, खरा जीव लेन्समध्ये असतो, असं तपासनीस आता दुकानदारणीच्याच शब्दांत सांगू लागले होते.

कॅमेऱ्यासोबतची लेन्स शेठजवळ नेली की धूसर व्हायची, जरा लांब धरली की शेठ एवढासा दिसायचा. ती परत गेली. मग त्यांनी आणली पक्ष्यांचे फोटो काढायची लांबलचक लेन्स. तिला लांबूनच दिसतं. किती लांबून, तर मागच्या खोलीत शेठ आणि तपासनीस बोळात, न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून. बाई आत अंघोळीला गेल्या होत्या. दार बाहेर उघडणारं. आतून हाका मारल्या, तर बाहेरून उत्तर आलं की थोडं थांब, शेठनं आत्ताच मान वर केली आहे. बाई ओल्या केसांनी आत उभ्या राहिल्या आणि लग्नाच्या वेळी वडिलांनी दुसरंही एक स्थळ दाखवलं होतं, ते त्यांना बऱ्याच वर्षांनी आठवलं.

एवढ्या खटाटोपात तपासनीस शेठच्या खाऊचा डबा उघडा विसरले. शेठ पाला खातो आणि रातकिडे खातो. डब्यातले रातकिडे निघाले ते फ्रिजच्या मागे जाऊन बसले आणि भरदुपारी मैफल सुरू झाली. बाईंनी झाडू घेतला, तपासनिसांनी टॉर्च घेतला, रातकिड्यांनी दोघांना दाद दिली नाही.

तिसरी लेन्स जवळून काढायचीच होती. दुकानदारीण म्हणाली, काका, कीटकांची, फुलांची, अंगठ्यांची सगळी माणसं हीच नेतात, आता माझ्याकडं याहून पुढं काही नाही. या लेन्सनं शेठचा डोळा असा आला की भोवतालचं खवल अन् खवल मोजावं. पण नाक धुक्यात आणि शेपटीचा पत्ता नाही. दुकानदारणीनं फोनवर समजावलं की लेन्सचं भोक बारीक करा, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत सगळं येईल, फक्त उजेड जास्त लागेल. तपासनीस म्हणाले, जास्त उजेडानं शेठच्या डोळ्यांना त्रास होतो. शिवाय लेन्स इतकी जवळ न्यावी लागते की शेठला काचेत दुसरा सरडा दिसतो आणि तो दाढी काळी करून फुगवतो. शिवाय पाठीवर कात सुटायला लागली आहे, फाटक्या कपड्यांत कुणी फोटो काढतं का? टाकू दे कात, मग बघू.

आणि प्रत्येक फोटो पाहून शेवटी एकच शब्द यायचा: नापास.

या शब्दावर बाईंनी अख्खा संसार केला होता. कारखान्यात तपासनीस सरकत्या पट्ट्यापाशी बसायचे. मागे पांढरा दिवा, पुढून बाटल्या जायच्या, आणि काचेत बुडबुडा, चरा, वाकडी मान दिसली की बाटली उचलून बाजूला. नापास बाटल्या फोडून पुन्हा भट्टीत जायच्या, हवी असली तर एखादी घरी न्यायलाही मिळायची. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतभर फळीवर अशा बाटल्या होत्या. हिरवट, मधाळ, जांभळी झाक असलेल्या, एक तर लांब मानेची, पाण्याच्या रंगाची, इतकी देखणी की पाहुणे उचलून बघत. लग्नानंतर लवकरच ती घरी आली, तेव्हा बाईंनी विचारलं होतं, हिच्यात काय खोट आहे? बुडबुडा आहे, ते म्हणाले. कुठं? ‘आहे. बघितलं की दिसतो.’ बाईंनी लॅबमधलं भिंग आणून बुडापासून तोंडापर्यंत बघितलं होतं. त्यांना दिसला नाही. नवऱ्याची नजर तयार, आपली कच्ची, असं म्हणून त्यांनी तीत तेल भरलं आणि विषय सोडला.

तर आता तिसरी लेन्स परत चालली होती आणि शुक्रवार होता. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्या बोलल्या. दुकानातली पोरगी तुम्हाला लांबून बघून शटर ओढून घेत असेल, असंही बोलल्या. आणि मग बोलू नये तेही बोलल्या: ‘तुम्हाला कॅमेरा जमणारच नाही. कारखान्यात तरी कुठं जमला?’

तपासनीस दारात लेन्सची पिशवी घेऊन उभे होते. कारखान्यात पट्ट्यावर कॅमेरा बसवला गेला तेव्हाच त्यांची खुर्ची गेली होती. कॅमेरा जेवायला उठत नाही, त्याचे डोळे दुखत नाहीत, असं साहेबांनी निरोपाच्या भाषणात हसत हसत सांगितलं होतं. बाईंना शब्द तोंडातून सुटल्यावर कळलं, पण सुटलेला शब्द आणि सुटलेला रातकिडा, दोन्ही हाताला लागत नाहीत.

‘खरं आहे,’ ते म्हणाले, ‘कॅमेऱ्यानं माझं एकदा नेलंच आहे.’ आणि पिशवी घेऊन जिना उतरले.

बाई दिवसभर स्वतःवर चिडून राहिल्या, आणि स्वतःवर चिडलं की त्या नवऱ्यावर जास्त चिडत. संध्याकाळी दुधाला जाऊन आल्या तर मागच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. कोण आलं आहे म्हणून त्या बोळात थांबल्या. कुणी आलं नव्हतं. तपासनीस सुरीनं पाला बारीक चिरत शेठशी बोलत होते. भट्टीवरचा मुकादम कसा शिंकला की सगळ्या पट्ट्याला ऐकू जायचं, लाल काच ओतायच्या दिवशी कशी सगळी माणसं बघायला जमायची, असलं काहीतरी. मध्येच थांबून विचारायचे, पटतंय का? शेठ मान वरखाली करत होता. सरडे करतातच. पण हा माणूस जेवताना मीठ मागण्यापलीकडं बोलत नव्हता, निवृत्तीनंतर तर तेही नाही, हातानं दाखवायचा. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. मग त्यांनी स्वतःलाच झापलं, की घरात एवढा सरडा असताना पालीचे लाड कशाला, आणि दूध तापवायला गेल्या.

रात्री लेकीचा फोन आला. मास्तरीणबाई आता थांबणार नाहीत, रविवारी दुसरा सरडा घेऊन मोकळ्या होतील, आणि आई, तुम्ही दोघं मिळून एक फोटो काढू शकत नाही का? बाई म्हणाल्या, उद्या पाठवते. मीच काढते. कसा काढणार ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण शब्द दिला तो दिला.

शनिवारी लॅबमध्ये एक गृहस्थ पुढच्या दाताचा रंग जुळवायला आले. बाईंनी त्यांना खिडकीजवळ बसवलं, ओठ बाजूला करायला लावले, रंगांची पट्टी दाताशेजारी धरली आणि कपाटावरचा कॅमेरा उचलला. रोजचंच काम. लेन्स दाताच्या वीतभर अलीकडं, लेन्सच्या तोंडाभोवती गोल दिवा, खटका दाबला की दातावरची रेघ न रेघ, हिरडीवरची शीर न शीर, पुढच्या दातांपासून घशापर्यंत सगळं लख्ख. बाईंनी खटका दाबला आणि त्यांचा हात तसाच राहिला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. महिनाभर तो बाप्या दुकान पालथं घालतो आहे, मी त्याच्या नावानं बोटं मोडते आहे, आणि जवळून काढायची लेन्स, डोळ्यांना न टोचणारा गोल दिवा, भोक बारीक करायची अक्कल, सगळं इथं प्लास्टरच्या धुळीत पडलेलं. दात काय आणि सरडा काय, लेन्स नाकाशी न्यायची आणि गिऱ्हाईक स्थिर बसत नाही, दोघांचं सारखंच. बाईंना हसूच आलं. समोरचे गृहस्थ ओठ ताणून बसले होते, त्यांनी घाबरून विचारलं की दात फारच वाईट आहे का.

ते गेल्यावर बाईंनी मालकांकडून कॅमेरा संध्याकाळपुरता मागून घेतला. पिशवीत घालायला लेन्स काढून पुसली, सवयीनं उजेडाकडं धरली, आणि मग त्यांना दुसरी गोष्ट आठवली. ही लेन्स विकत घेतली तेव्हा जुनी होती, मालकांना खात्री नव्हती. तेव्हा बाईंनीच नवऱ्याला बोलावलं होतं, काचेतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं म्हणून. त्यांनी ती अशीच खिडकीकडं धरून फिरवली होती, बराच वेळ, आणि म्हणाले होते, पास. त्यांच्या तोंडून हा शब्द बाईंनी घरात कधी ऐकला नव्हता, म्हणून पक्का लक्षात राहिला होता.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं की बायकोच्या कपाटावर नेमकी हीच लेन्स आहे. आणि ते दुकानात जाऊन पक्ष्यांची लेन्स आणत होते. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. बाईंना राग आला, चांगला सणसणून आला, आणि त्या रागातच त्या जिना उतरल्या. गुडघे दुखले तेसुद्धा त्यांनी तपासनिसांच्या खात्यावर टाकलं.

घरी येऊन त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. तपासनिसांनी तो पाहिला, ओळखला, आणि चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा उगाच चष्मा पुसतो तसा पुसला.

बाईंनी पेटी उघडली, खिडकीच्या कट्ट्यावर राखाडी फडकं पसरलं आणि शेठला बाहेर काढायला हात घातला. शेठनं दाढी काळी केली. ‘तुम्ही धरा,’ बाई म्हणाल्या. तपासनिसांनी नुसता तळहात पुढं केला आणि शेठ चढून बसला, दाढी पुन्हा मातकट. कात पाठीवरून नीट उतरली होती, नवं अंग ताजं दिसत होतं. बाईंनी गोल दिवा मंद केला, भोक बारीक केलं, लेन्स दातांजवळ नेतात तशी हळूच जवळ नेली. वाकू नका, श्वास धरा, बस. खटका. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

फोटो पडद्यावर आला. डोळा लख्ख, नाक लख्ख, शेपटीच्या टोकापर्यंत खवलं वेगळी. आणि बोटं. पाचच्या पाच, नखांसकट. त्या पाच बोटांनी तपासनिसांचं करंगळीशेजारचं बोट गच्च धरून ठेवलं होतं.

बाईंनी कॅमेरा पुढं केला. तपासनिसांनी शेठला खांद्यावर ठेवलं आणि कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. उजेडाकडं धरला, तिरका केला, अंगठा पडद्याच्या कडेवरून फिरवला, बाटलीच्या तोंडावरून फिरवायचे तसा. बाईंना वाटलं, आता म्हणतील. काहीतरी काढतीलच, सावली म्हणतील, रंग म्हणतील. फ्रिजमागचा उरलेला एक रातकिडा तेवढा बोलत होता.

‘पास आहे,’ ते म्हणाले. ‘यात काढण्यासारखं काही नाही. पाठव.’

कॅमेरा बाईंच्या हातात देऊन ते पाल्याची सुरी धुवायला गेले. सुरी धुतलेलीच होती.

बाई खिडकीत उभ्या राहिल्या. टेबल बरोबर इथं बसेल, उजेड डावीकडून येईल. उघड्या दारातून स्वयंपाकघरातली फळी दिसत होती, आणि फळीवर ती लांब मानेची, पाण्याच्या रंगाची बाटली. त्या बाटलीत बुडबुडा नव्हता. कधीच नव्हता. तिच्यात नव्हता, मधाळ बाटलीत नव्हता, अख्ख्या फळीवर एकीतही नव्हता. जी बाटली भट्टीत परत जाऊ द्यायची नव्हती, जी घरी हवी होती, तिलाच या माणसानं नापास केलं होतं. मागून घ्यायची सवय नाही, हवं म्हणायची जीभ नाही. आणि आपण इतकी वर्षं भिंग घेऊन बुडबुडा शोधतो आहोत.

‘अहो,’ बाईंनी हाक मारली. ‘इकडं या. हा फोटो नापास आहे.’

तपासनीस ओले हात घेऊन दारात आले. खांद्यावर शेठ तसाच. ‘नापास? कशानं?’

‘बुडबुडा आहे.’

‘अगं, फोटोत बुडबुडा कुठून येईल?’

‘आहे,’ बाई म्हणाल्या. ‘बघितलं की दिसतो.’

तपासनिसांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग फळीकडं पाहिलं. मग पुन्हा चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून उभे राहिले.

‘बघत काय राहिलात,’ बाई म्हणाल्या, कारण त्यांच्याच्यानं ते बघवेना. ‘लेकीला मी सांगते काय सांगायचं ते. पण खिडकी माझी. ही पेटी त्या भिंतीला जाईल, सुतार सोमवारी येतोय. आणि फ्रिजमागचा तो एक आधी धरा, नाहीतर त्याला मी नापास करीन.’

तपासनिसांनी शेठला दगडावर ठेवलं, पेटीची एक बाजू धरली आणि दुसरी धरायला बाईंची वाट बघत वाकून उभे राहिले.